अनसूयाबाईंची कढई

अनसूयाबाई जाधवांचा हात तळणीला इतका बसलेला होता, की त्यांची करंजी कढईत कधी फुटली नाही. गोरखी वाड्यामागच्या त्या गल्लीत दिवाळी आली की घराघरांतून त्यांना बोलावणं यायचं. पहिला घाणा मात्र त्या घरच्या सवाष्णीने काढायचा आणि मग कढई बाईंच्या हवाली करायची. बाई विधवा ना! पुढचं टोपलंभर विधवेच्या हातचं चालायचं, पहिला घाणा तेवढा चालत नसे. देवाला एवढं बारीक दिसतं, असा आपल्या लोकांचा समज. बाईंनी त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही.

त्यांना एकच मुलगा, सूर्याजी. दरबारच्या खेचरांच्या तांड्याबरोबर तो लढाईवर बसऱ्याकडे गेला होता, कंपू मोहल्ल्यातल्या कान्होजीच्या जोडीने.

मग मानमोडीचं साल आलं. दसऱ्याच्या सुमारास ताप गल्लीत शिरला आणि घर मोजून माणूस घेऊन गेला. कुणाची म्हातारी, कुणाचं तान्हं. गल्लीतल्या म्हाताऱ्या जयसिंहरावांची तर धडधाकट सून गेली. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. शेजारी फराळाचं ताट आणून देतात आणि त्यावर त्या घराची दिवाळी होते. यंदा ताट आणणार कोण? सगळीच घरं ताटाची वाट बघणारी. साथीने सोडलेलं घर एकच होतं, अनसूयाबाईंचं.

दिवाळीच्या तोंडावर जयसिंहराव त्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, कढई आता फक्त तुमचीच चढू शकते. मोठ्यांचं राहू द्या, पण मुलं बिचारी गुमसुम बसून असतात. त्यांना वाटू तर द्या, की त्योहार आहे."

"आणि पहिला घाणा कोण काढणार?" बाईंनी विचारलं. इतक्या वर्षांचं साचलेलं बोलण्यात थोडं उतरलंच.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तुम्हीच काढा."

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. सूर्याजीची खबर पावसाळ्यापासून नव्हती. सगळ्यांच्या घरी रडारड आणि आपल्या घरी तळण, हे नशिबाला डिवचण्यासारखं वाटलं. पण दुसरं मन म्हणालं, आपली कढई चढते आहे, म्हणजे आपलं माणूस आहे. विचार वेडा होता. त्याच विचाराला धरून त्यांनी पीठ मळायला घेतलं.

धनत्रयोदशीला सकाळपासून त्या चुलीशी बसल्या. पहिली करंजी त्यांनी स्वतःच्या हाताने तेलात सोडली. करंजी वर आली, फुगली. वास गल्लीभर गेला तशी मुलं एकेक करून अंगणात जमली. आधी नुसती बसली. मग कुणीतरी भिंतीकडेला माती ओढली, किल्ला करायला घेतला आणि दरवाजा कुठे ठेवायचा यावरून भांडणही झालं. ते भांडण ऐकून बाईंना बरं वाटलं.

दुपारी कान्होजी आला. एरवी गल्लीच्या तोंडापासून "काकी!" म्हणून आरोळी ठोकणारा मुलगा आज उंबऱ्याशी गप्प उभा होता. आणि एकटा होता. बाईंच्या हातातला झारा तेलावरच थांबला.

"काकी, बात अशी आहे की..."

"थांब." बाई मोठ्याने म्हणाल्या. "तुझ्या घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत. आई तापातून उठली. पण काकी, सूर्या..."

"अजून अर्ध्या करंज्या व्हायच्या आहेत. बस तिथे. खा काहीतरी."

दूरदेशी वारलेल्याचं सूतक बातमी ऐकल्यापासून लागतं. ऐकलं की कढई उतरली आणि गल्लीची दिवाळीही तिच्यासोबत उतरली. कान्होजीला ते कळलं. "काकी, हे काही बरं नाही."

"यंदा बरं काय आहे?"

तो भिंतीशी बसून राहिला. पुढ्यातल्या करंजीला त्याने हात लावला नाही. बाई लाटत होत्या, भरत होत्या, तळत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्या खांद्याला पुसत होत्या. एकही करंजी फुटली नाही. ताटं भरली, मुलांनी घरोघर पोचवली. जयसिंहरावांचं ताट बाईंनी दारातूनच त्यांच्या हाती दिलं. शेवटी एक ताट चुलीजवळ उरलं.

बाईंनी कढई उतरवली, चूल विझवली, हात धुतले आणि कान्होजीसमोर बसल्या.

"आता सांग."

"गोळी नाही, काही नाही, काकी. तापच आला. तीन दिवसांत..."

बाईंनी तोंडात पदर कोंबला. अंगणात मुलं होती, म्हणून त्या आवाज न करता रडल्या. पुष्कळ वेळाने त्यांनी त्या उरलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.

"ते उचल आणि बाहेर जा. मग आत घेऊन ये. सुतकाच्या घरी ताट बाहेरून यावं लागतं."

कान्होजी ताट घेऊन उंबऱ्याबाहेर गेला. क्षणभर पाठमोरा उभा राहिला. मग वळला आणि दोन्ही हातांत ताट धरून आत आला.

"काकी," तो म्हणाला, "आमच्या घरून पाठवलंय."