दाराजवळची जागा

ऑक्टोबर संपत आला की आमच्या सोसायटीचं पत्र येतं. घरासमोर कॅम्पर उभा ठेवू नका, बर्फ काढणाऱ्या गाडीला अडचण होते. नियम बरोबरच आहे. पण यंदा ते पत्र मी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. कॅम्पर कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला की मागच्या हिवाळ्याचा विषय निघणार, आणि तो मी सहा महिने दाबून ठेवला होता.

बाबा गेल्यावर आई भंडाऱ्याचं घर बंद करून आमच्याकडे पेन्सिल्वेनियाला आली. मी आणि बायको दिवसभर कामावर. सुट्टीत कुठे न्यावं, तर हॉटेलातलं तिला काही चालत नसे. म्हणून आम्ही एक जुना कॅम्पर घेतला. गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं छोटं घर. त्यातल्या हातभर ओट्यावर आईने तवा, कढई, मसाल्याचा डबा अशी मांडामांड केली, पलंगावर स्वतः शिवलेली गोधडी घातली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही तिला उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरावर घेऊन गेलो. पलीकडचा काठ दिसत नव्हता. लाटा येत होत्या. आई काठावर वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"गोड आहे रे!" ती म्हणाली. "एवढं सगळं गोड?"

मी इथे वीस वर्षं आहे. त्या सरोवराकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं मला वाटतं.

त्या वर्षी हिवाळ्यासाठी कॅम्पर मी हायवेजवळच्या एका उघड्या आवारात ठेवला. तारेचं कुंपण, खाली खडी, एवढंच. आवारवाल्यांनी लिहून दिलं होतं: आत खाण्याचा एक कणही ठेवू नका, उंदीर येतात. आम्ही सगळं काढलं. शेवटी आईने सगळ्यात लहान स्टीलच्या डब्यात मूठभर तांदूळ घातले, झाकण दाबून बसवलं आणि डबा कपाटात ठेवून दिला. तिच्या माहेरी, धानाच्या मुलखात, घर बंद करताना तांदळाचा डबा पार रिकामा करत नाहीत. मूठभर ठेवतात, म्हणजे घराला कळतं की माणसं परत यायची आहेत. मी पाहिलं आणि ठेवू दिला. मी स्वतः त्या आठवड्यात सोलर पॅनेलची वायर आत घ्यायला कॅम्परच्या तळाला एक भोक पाडलं होतं. ते बुजवायचं राहून गेलं होतं.

एप्रिलमध्ये दार उघडलं तर वास आला. सोफ्याखाली घरटं होतं, आणि ते गोधडीच्या चिंध्यांचं होतं. वायरी कुरतडलेल्या. मी तिथेच, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, मोठ्याने बोललो. "आई, तुझे ते तांदूळ! एक दाणा ठेवू नका असं लिहून दिलं होतं त्यांनी. हे भंडारा आहे का?"

आई गोधडीचा एक तुकडा हातात घेऊन उभी होती. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी साफ करताना तो डबा माझ्या हाताला लागला. झाकण जसंच्या तसं घट्ट. उघडलं, तर आतले तांदूळ पांढरेशुभ्र, एकालाही दात लागलेला नव्हता. मग मी वायरीच्या भोकापाशी टॉर्च मारला. भोकाच्या कडा कुरतडलेल्या होत्या आणि तिथून सोफ्यापर्यंत काळ्या लेंड्यांची रांग गेली होती.

मी काय केलं, ते लिहायला लाज वाटते. भोकावर आतून नुसती पट्टी चिकटवली, तांदूळ मागच्या झुडपात टाकले, डबा गॅरेजच्या फळीवर पालथा घातला आणि गप्प बसलो. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते जास्त अवघड झालं होतं.

आई मात्र बदलली. फ्रिज उघडायच्या आधी विचारू लागली. "हे इथे ठेवू का? हे झाकलेलं चालेल ना?" बायकोच्या लक्षात आलं. "आई पाहुण्यासारख्या का वागतायत?" मी म्हणालो, "वय झालंय." उन्हाळ्यात कॅम्पर निघाला तेव्हा आई आली नाही. "तुम्ही जा बाप्पा. मी उगाच काहीतरी करून ठेवीन."

यंदा त्या आवाराचं नाव काढायचं नव्हतं. गरम हवा सोडलेलं एक गोदाम पाहून आलो. स्वच्छ, कॅमेरे लावलेलं, दारांना नंबर. बुक करणारच होतो. पण ऑफिसातल्या एकाने सांगितलं, तासाभरावर एक म्हातारा शेतकरी आपल्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या जुन्या लाकडी कोठारात, गाड्या ठेवून घेतो, एकदा बघ तरी. आवडलं तर तिथेच ठेवून यायचं म्हणून कॅम्पर जोडूनच निघालो. बायकोने आईला सोबत पाठवलं. "तुम्ही जा आई, हा फोन बघूनसुद्धा रस्ता चुकतो."

बार्न डोंगराच्या उतरणीवर होता. म्हाताऱ्याने दोन्ही दारं ढकलली आणि आम्ही दोघंही उंबऱ्यातच थांबलो. छत इतकं वर होतं की नजर पोचायला वेळ लागला. माणसाच्या कवेत न मावणारे खांब, त्यांवर आडव्या तुळया, आणि त्या सांध्यांत खिळा नाही, लाकडाच्याच खुंट्या. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येत होत्या आणि जुन्या गवताची धूळ त्यांतून हळूहळू वर जात होती. खाली बोटी, जुन्या मोटारी, कॅम्पर ओळीने उभे होते, गोठ्यात जनावरं उभी असावीत तसे. बाहेरून दक्षिणेकडे निघालेल्या बदकांचा आवाज येत होता. आत इतकी शांतता की तो आवाज छतात घुमत होता.

आईने बूट काढले.

"आई, घाल पायात, गारठशील."

"असू दे," ती कुजबुजली. "कोणी बांधलं रे हे?"

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "माझ्या पणजोबांनी. म्हणजे त्यांनी आणि सगळ्या शेजाऱ्यांनी." आणि तिच्या पायमोज्यांकडे बघून त्याने आपली टोपी काढून हातात घेतली.

मग त्याने मला विचारलं, "वसंतात कधी बाहेर काढणार? जे आधी निघतात ते दाराजवळ. उशिरा निघणारे आत. मधला एकटा काढता येत नाही."

"ठरलं नाही," मी म्हणालो.

"न ठरलेले सगळ्यात आत," तो म्हणाला, आणि चाकं लावलेल्या फळीवर उताणा झोपून टॉर्च घेऊन कॅम्परखाली शिरला. खालून तपासल्याशिवाय तो कुणाचीच गाडी आत घेत नसे. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "हे भोक कोणी पाडलं? अंगठा जातोय यात. उंदराला पेन्सिलीएवढं पुरतं. मागच्या वर्षी आले असतील ना? इथूनच आले."

त्याचे उच्चार आईला कळत नव्हते. तिने माझी बाही ओढली. "काय म्हणतात ते?"

मला काहीही सांगता आलं असतं. टायर जुने झालेत म्हणतात. तिने विश्वास ठेवला असता. मी वर त्या तुळयांकडे बघितलं.

"उंदीर या भोकातून आले म्हणतात," मी म्हणालो. "भोक मी पाडलं होतं, आई. बुजवायचं विसरलो. तुझा डबा बंदच होता. तांदळाला उंदीर शिवलासुद्धा नव्हता. मला एप्रिलपासून माहीत आहे."

तिने माझी बाही सोडली.

"म्हणजे माझ्या तांदळानं नाही झालं?"

"नाही."

"नक्की ना?"

"नक्की."

तिने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा इतका हलका झाला, की तो हलका होताना पाहणं मला जड गेलं. मग तिने माझ्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात. "आणि मी सहा महिने तुझ्या घरात चोरासारखी डबे झाकत फिरते! इंजिनियर म्हणे! एक भोक बुजवता येत नाही!"

म्हाताऱ्याने खालून हात बाहेर काढला आणि बाकावरच्या डब्यातलं काहीतरी मागितलं. मी बघितलं तर भांडी घासायची तारेची घासणी. तार उंदराला कुरतडता येत नाही, म्हणाला.

"अगं बाई, ही तर आपली घासणी!" आईने ती उचलून त्याच्या हातात दिली, आणि तो भोकात कोंबत असताना गुडघ्यांवर बसून टॉर्च धरला. "अजून घाला," मराठीतच सांगत होती. त्यालाही ते कळत असावं, कारण तो अजून घालत होता.

तो उठून कपडे झटकू लागला तेव्हा आईने कॅम्परचं दार उघडून आत डोकावलं. रिकामी कपाटं पाहिली.

"मूठभर ठेवले नाहीत या वेळी," ती म्हणाली.

"पुढच्या शनिवारी आणून ठेवू. डबा गॅरेजमध्ये आहे."

"तेव्हाचं तेव्हा." तिने दार लावलं, हँडल दोनदा ओढून बघितलं आणि बूट घालायला माझ्या खांद्याचा आधार घेतला. "त्यांना सांग, एप्रिलमध्ये काढणार आहोत. दाराजवळ लावा म्हणावं."