कौसल्या सिस्टर आणि एक कोरा फॉर्म

पेन्शन जमा व्हायच्या दिवशी हदगावच्या आमच्या बँकेत कौसल्या सिस्टर दाराजवळच्या बाकावर बसलेल्या असायच्या. स्वतःचं काम काही नसायचं. काउंटरकडून कुणी म्हातारं माणूस छापील कागद घेऊन आलं, की त्या तो हातातून ओढूनच घ्यायच्या. "काय हाय हे? वाचलंस का?" समोरचा निवृत्त हेडमास्तर असला तरी एकेरीच. तो म्हणाला, "साहेबांनी सही करायला सांगितली," की त्यांचा आवाज चढायचा. "साहेब मागंल ते देशील का? उद्या किडनी मागितली तर?" सगळी बँक मान वर करून बघायची. शिपाई तोंड फिरवून हसायचा आणि मॅनेजर केबिनचं दार लावून घ्यायचा.

लोक म्हणायचे, म्हातारी लई भांडकुदळ आहे. मी बावीस वर्षं त्यांच्याबरोबर एकाच आरोग्य केंद्रात कारकुनी केली. त्या भांडकुदळ नव्हत्या. त्यांना तसं केलं गेलं, आणि त्यात माझाही हात होता.

नवरा तरुणपणीच गेला. मुलगी सुनंदा, तिला एकटीनं शिकवून लातूरला शिक्षिका केली. लसींची पेटी खांद्याला अडकवून कापसाच्या रानांतून गावोगाव पायी हिंडायच्या. बाळंतपण उरकून आल्या, की चहाच्या आधी रजिस्टर. एकदा चिखलानं माखलेल्या आल्या तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, उद्या लिहा." तर म्हणाल्या, "आज जन्मलेलं लेकरू उद्याच्या तारखेत का घालू?" त्यांच्या रजिस्टरमध्ये खाडाखोड मी कधी पाहिली नाही.

निवृत्त झाल्या तेव्हा दोन्ही गुडघे पार झिजले होते. जिना उतरताना उलट्या उतरायच्या, कठडा धरून. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले आणि त्यांचा बेत साधा होता. "एक वर्षाची एफडी करते. मोडली की नांदेडला जाऊन गुडघे बदलून घेते. सुनंदाकडं हात पसरायचा न्हाई." पेन्शनचे कागद मीच केले होते, म्हणून बँकेतही मलाच सोबत नेलं.

मॅनेजर तिशीचा असेल. उठून त्यांच्या पाया पडला. आई, आई करत होता. "आई, ही एफडीच समजा. फक्त व्याज जास्त." फॉर्म कोरा होता, सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. सिस्टरनी चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. अक्षर बारीक होतं. तामसा गावाला जायची माझी बस सुटायला आली होती. मी म्हणालो, "सिस्टर, साहेब सांगतायत ना. करा सही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून ठेवला आणि फुली तिथं सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. बस मला मिळाली.

वर्षानं त्या एफडी मोडायला गेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, ही एफडी नाही, विम्याची पॉलिसी आहे. दुसरा हप्ता भरायचाय. असं दहा वर्षं." आयुष्याची सगळी कमाई म्हणजे फक्त पहिला हप्ता होता! एवढा हप्ता दरवर्षी झेपेल असं दिसावं म्हणून कोऱ्या फॉर्मवर नंतर कुणीतरी लिहिलं होतं, व्यवसाय बागायती शेती. सिस्टरच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. मॅनेजरनं फॉर्म उलटा करून दाखवला. "आई, सही तुमचीच आहे ना?"

त्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या. शिव्या खायची मी तयारी केली होती. त्यांनी फॉर्मची झेरॉक्स माझ्यापुढं ठेवली आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"ही तुझीच ना, गजानन?"

"हाव, सिस्टर."

"तवा फॉर्म भरलेला होता का?"

"न्हाई."

"मग तसं लिहून दे."

त्याच महिन्यात माझ्या मुलाच्या घराच्या कर्जाची फाइल त्याच मॅनेजरच्या टेबलावर होती. मी म्हणालो, "दोन दिवस थांबा." त्या उठल्या. भिंत धरून दारापर्यंत गेल्या, पायऱ्यांवरून उलट्या उतरू लागल्या. दुसऱ्या पायरीवर थांबून म्हणाल्या, "बघून घे मी कशी चालून राहिले ते." त्या घरी पोचायच्या आत मी जबाब लिहायला बसलो होतो. मुलाचं कर्ज मंजूर झालं नाही. घरात महिनाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

बाकावर बसायला त्यांनी त्याच आठवड्यात सुरुवात केली. तिथंच त्यांना गंगाराम भेटला, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेला शिपाई. त्याच्याही गळ्यात तीच पॉलिसी मारली होती, आणि त्याच्या फॉर्मवर तर तो कापडाचा व्यापारी होता. सिस्टरनी दोघांच्या तक्रारी एका पाकिटात घालून वरच्या कार्यालयाला पाठवल्या.

मग नांदेडहून एक मोठे अधिकारी आले. केबिनमध्ये चहा मागवला. "तुमचे पैसे परत करतो, मॅडम. फक्त एवढं लिहून द्या, की गैरसमज तुमच्याकडून झाला होता."

"गैरसमज? मला सगळं नीट समजलंय. तुमच्या माणसानं फसविलं मला."

"लिहिलं तर पैसे याच महिन्यात मिळतील."

"आन गंगारामचे?"

"त्यांचं वेगळं बघू."

सिस्टरनी चहाचा कप न उचलता परत सरकवला. "मग माझंबी वेगळं न्हाई."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, सिस्टर, घ्यायचे होते. तुमचे गुडघे... त्या रस्त्यातच माझ्यावर ओरडल्या. "खोटं लिहून नवे गुडघे बसवू, अन् त्यावर कुठं जाऊ?"

पैसे दोघांनाही मिळाले, पण दीड वर्षानं. चूक झाली असा एक शब्दही कुणी लिहिला नाही. गंगारामचा चेक त्याच्या बायकोनं घेतला, कारण तो तोवर गेला होता. सिस्टर नांदेडला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आता हृदय साथ देणार नाही, गुडघ्यांचं विसरा. मॅनेजरची बढतीवर लातूरला बदली झाली. मी ते सांगायला गेलो तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "माझे गुडघे गेले अन् त्याला खुर्ची," एवढंच म्हणाल्या, आणि मेथीची जुडी इतक्या जोरात आपटली की पानं भिंतीपर्यंत उडाली.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. तेराव्यानंतर खातं बंद करायला मी सुनंदाबरोबर बँकेत गेलो. मॅनेजर नवा होता, तसाच तिशीचा. मृत्यूचा दाखला त्यानं दोन्ही हातांनी घेतला, वाईट झालं म्हणाला. मग कॉम्प्युटरवर शिल्लक बघितली आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, एवढी रक्कम खात्यात पडून काय उपयोग? आईंची आठवण म्हणून आपल्याकडे एक चांगली स्कीम आहे. एफडीच समजा."

बत्तीस वर्षं मी सरकारी ऑफिसात काढली. साहेबांसमोर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी टेबलावर हात आपटून ओरडलो. "नाव काय त्या स्कीमचं? विमा हाय का? हाय का न्हाई, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला!" रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्याचा चेहरा उतरला.

"काका, बसा ना," सुनंदा म्हणाली.

मी बसलो नाही.