गाडीला गार हवा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, डोंबिवलीत सेकंडहँड गाडी घेतली. छोटी, पांढरी. आठवडाभर ती सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली पडून असायची आणि रविवारी आम्हाला टिटवाळ्याच्या गणपतीला नेऊन आणायची. तेवढं काम ती मुकाट्याने करत होती. तेच भावोजींना बघवेना.

मी तेव्हा ठाण्याला नोकरी करायचे आणि शनिवारी ताईकडे राहायला जायचे. मे महिन्यात अशीच गेलेले, तर भावोजी गॅलरीत बसून दुबईच्या मित्राने दिलेलं मोटारींचं मासिक वाचत होते. मी चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं, "तुला माहितेय, आपल्या गाडीचा श्वास कोंडतोय?"

"का, सर्दी झालीय?"

त्यांनी ते ऐकलंच नाही. मग मला समजावून सांगितलं. इंजिन जी हवा ओढतं ती बॉनेटखालची, तापलेली. त्याऐवजी पाइप लावून बाहेरची थंड हवा थेट आत घेतली की गाडीची ताकद वाढते. परदेशात म्हणे कंपनीचा काळा फिल्टरचा डबा लोक पहिल्याच दिवशी काढून फेकतात आणि 'कोल्ड एअर इनटेक' बसवतात.

"अहो, पण मे महिन्यात डोंबिवलीत थंड हवा आणणार कुठून?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि ती कारखान्यांच्या बाजूची हवा! आपल्याला खोकला येतो, गाडीला ताकद कशी येईल?"

प्रश्न अगदी शास्त्रीय होता, त्यामुळे भावोजींनी मासिकाचं पान उलटलं.

खरेदीला मला नेलं. कल्याणच्या दुकानदाराला वाटलं आम्हाला एसी हवाय. शेवटी ठाण्यात एका दुकानात काचेच्या कपाटात दोन फिल्टर सापडले. आइस्क्रीमचा कोन उलटा ठेवावा तसे. एक फोमचा निळा, एक कापडी जाळीचा लाल. भावोजींनी दोन्ही उजेडात धरून बघितले, नाकाशी नेले, एकदा तर त्यातून फुंकर मारून बघितली. विक्रेत्याने दोन्हींची सारखीच स्तुती केली.

"आमच्या गाडीला बसेल ना?" मी विचारलं.

"बसवला की बसतो, मॅडम."

भावोजींना हे उत्तर तांत्रिक वाटलं. थंड हवेसाठी त्यांनी लाल निवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात बॉनेट उघडलं. सोसायटीतले यच्चयावत पुरुष लेंगा-बनियनमध्ये जमले. एरवी यातल्या कोणी घरातला पंखा पुसलेला मी पाहिलेला नाही. काळा डबा निघाला, लाल कोन बसला, पण बॉनेट बंद होईना. फिल्टरसोबत आलेला रबरी पाइप कुठल्या तरी वेगळ्याच गाडीचा निघाला. तेव्हा भावोजींनी नाक्यावरून बाथरूमच्या नळकामाचा करडा पाइप आणि दोन बेंड आणले. लाल कोन त्याच्या टोकाला बांधून पार खाली, बंपरच्या मागे सोडला. "हवा तिथेच सगळ्यात गार असते," ते म्हणाले.

"खालून पाणी ओढेल हो," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले.

"मे महिन्यात?" भावोजी हसले. सगळे हसले.

गाडी सुरू झाली तेव्हा एखाद्याने मान वर करून गुळण्या कराव्यात तसा आवाज आला. "ऐकलंस? श्वास!" भावोजींचे डोळे भरून आले होते. पिकअप दुप्पट झाला, असं त्यांनी पुढचे दोन महिने भेटेल त्याला सांगितलं. रिक्षांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये तो त्यांना कसा कळायचा, हे मात्र मला कळलं नाही.

ऑगस्टमध्ये पनवेलला चुलतबहिणीचा साखरपुडा होता. ताई पैठणी नेसून पुढे बसली, मी मागे. शीळफाट्याच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचलेलं. ट्रक, रिक्षा हळूहळू पार होत होते. "आता बघा पिकअप," म्हणत भावोजींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. गाडीने एक मोठी गुळणी केली, आत काहीतरी ठण्णकन वाजलं आणि सगळं शांत झालं. चावी फिरवली तरी काही हलेना. दारातून पाणी आत आलं.

ताईने पैठणीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत उचलल्या आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "मिळाली का तिला पोटभर गार हवा?"

जवळच्या गावातले चार बाप्ये ढकलायला आले. "काय शेट, गारीनी पानी पियाला का?" एकाने विचारलं. भावोजी म्हणाले, रस्ता खराब आहे.

आम्ही दोघी रिक्षा करून साखरपुड्याला गेलो. जो तो विचारी, भावोजी कुठायत? ताई पेढा खात सांगायची, "गाडीजवळ बसलेत. तिला श्वास लागलाय."

इंजिन उघडावं लागलं. पाणी ओढल्याने पिस्टनचा दांडा वाकलेला. गाडी कल्याणच्या गॅरेजमध्ये महिनाभर पडून होती आणि तेवढा काळ भावोजी नगरपालिका, पाऊस आणि नळाच्या पाइपचा दर्जा यांना शिव्या देत होते. मासिकाला एका शब्दाने बोलले नाहीत. ताईने त्या महिन्यात कोणाला न विचारता ड्रायव्हिंग क्लास लावला.

गाडी घरी आली तेव्हा तिच्यात पुन्हा साधा काळा डबा होता आणि चावी ताईच्या पर्समध्ये. रविवारी आम्ही टिटवाळ्याला निघालो. भावोजी शेजारच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबत बसले होते. पुलाच्या चढावर न राहवून म्हणाले, "पिकअप जरा कमी वाटतोय."

"उतरून ढकलता का?" ताई समोर बघत म्हणाली.

भावोजींनी पुन्हा नसलेला ब्रेक दाबला. त्या गाडीत मागच्या सीटवर मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली.