साडूभाऊंची पहिली पसंती

आपली टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसणारा माणूस उभ्या युरोपात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. तसे साडूभाऊ सज्जन आहेत. बॉबलिंगेनला गाड्यांच्या गिअरबॉक्सचं डिझाइन करतात, रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकतात, रविवारी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाहीत. पण जर्मनीत राहून त्यांना फुटबॉलचं सोयरसुतक नाही, साताऱ्यात वाढूनही क्रिकेट त्यांनी केव्हाच सोडलं, आणि जीव लावला कशाला, तर अमेरिकेतल्या बेसबॉलला. म्हणे नवीन आले तेव्हा एकटे होते, जर्मन येत नव्हतं, करमत नव्हतं. जुन्या बाजारातून एक रेडिओ आणला. गावाजवळ अमेरिकन सैनिकांची छावणी आहे, त्यांच्यासाठी इंग्रजी कार्यक्रम लागायचे. त्यात एक दिवस बॅट आणि बॉल हे शब्द कानावर पडले आणि साडूभाऊ जागच्या जागी खुर्चीत बसले ते आजतागायत उठलेले नाहीत. त्या दिवशी जी टीम हरली तिची त्यांना दया आली, म्हणून तीच आपली मानली. ती टीम तेव्हापासून नियमाने हरते आहे.

पण खरं वेड बेसबॉलचं नाही, ड्राफ्टचं. दर जूनमध्ये तिकडे शाळा-कॉलेजांत खेळणारी हौशी पोरं सगळ्या टीम आळीपाळीने निवडून घेतात. आदल्या वर्षी जी टीम सर्वांत खाली, तिची पहिली पसंती. म्हणजे जितकं वाईट खेळाल तितका चांगला पोरगा मिळेल. हा नियम समजला तेव्हा साडूभाऊंना आयुष्याचा अर्थ सापडला. "आजच्या मॅचचं काय घेऊन बसलात?" ते मला ऐकवतात. "पाच वर्षांनी बघा." हे पाच वर्षांनी बघायचं प्रकरण ते सगळीकडे लावतात. शनिवारच्या बाजारात कच्चे आंबे घेतात, कारण त्यांना वाव आहे. माझा मुलगा रांगत होता तेव्हा त्याच्याकडे बॉल सोडून त्याचा हात बघत होते. डावखुरा निघाला, बेसबॉलमध्ये त्यांना भाव असतो, म्हणून आठवडाभर खुशीत होते. आणि मी तेव्हा राहायचो त्या एश्बॉर्नहून त्यांच्या मेव्हणीला, म्हणजे आताच्या माझ्या बायकोला, पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा माझ्यासमोर पोहे ठेवून हे शेजारच्या खोलीत गेले आणि कोल्हापूरला सासऱ्यांना फोनवर सांगू लागले, "मुलगा अजून तयार नाहीये. पण चार-पाच वर्षांत होईल. तिसऱ्या फेरीत मिळत असेल तर घ्या." दार उघडं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी अजून तयार झालो की नाही हे त्यांनी सांगितलेलं नाही. मीही विचारत नाही, उगाच कशाला ओढवून घ्या.

या वेडात त्यांना एकच साथीदार होती, ती म्हणजे त्यांची मुलगी. रविवारी दुपारी तिकडे मॅच सुरू झाली की इकडे संध्याकाळचे सात वाजतात. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, पानं घेऊन हाका मारायच्या आणि हे दोघं रेडिओला चिकटलेले. पोरगी अंक शिकली ती स्कोअरवरून. बाप मराठीत बोलायचा, पोरगी जर्मनमध्ये उत्तर द्यायची, मध्ये रेडिओ इंग्रजीत बोलायचा, आणि तिघांचं एकमेकांशी इतकं छान जमायचं की ताई आणि मी परके वाटायचो. ती दहावीबारावीच्या वयाची झाली तरी रविवार सुटला नव्हता. शाळेनंतर ती हॅम्बुर्गला शिकायला जाणार हे ठरलं होतं, त्यामुळे साडूभाऊ तोंडाने काही म्हणाले नाहीत तरी राहिलेल्या रविवारांवर त्यांचा फार जीव होता.

आणि नेमका त्यातला एक त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला. मोसमाची शेवटची मॅच होती. टीम तळाला. ही मॅच हरली की पहिली पसंती पक्की, आणि पसंतीला एक असा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता की साडूभाऊ त्याचं नाव देवघरात घ्यायचे. आम्ही उभयता गेलो होतो. ताईंनी साबुदाणा वडे केले होते. टीम झकास हरत होती. आठव्या इनिंगपर्यंत चार रननी मागे. साडूभाऊंनी आनंदात वडे हाणले, मला आग्रह केला, ताईंच्या चटणीची चक्क स्तुती केली. मग नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये त्या मेल्यांना काय झालं कोण जाणे, जो येईल तो बॉल लांब टोलवायला लागला. "अरे बाद व्हा," साडूभाऊ रेडिओला विनवत होते. "वर्षभर होताय ना, मग आजच काय धाड भरली?" पहिला रन, दुसरा, तिसरा. साडूभाऊ उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी रविवारची शांतता मोडली म्हणून काठी आपटली. शेवटच्या टोल्यावर टीम जिंकली, वर्षाअखेरीस एकदाची, आणि यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून त्या बाई खाली आल्या आणि घरात कुणी गेलं का म्हणून हळू आवाजात विचारू लागल्या. "या, गेनाऊ," साडूभाऊ म्हणाले, म्हणजे हो, अगदी तसंच, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी दारात मेणबत्ती आणि फुलं ठेवली होती.

पण तोवर आत वेगळंच झालं होतं. टीम जिंकली तशी पोरीने टाळ्या पिटल्या. साडूभाऊ तिच्यावर उखडले. "हसतेस काय? पहिली पसंती गेली." ती जर्मनमध्ये जे बोलली त्याचा मतलब असा, की ती माणसं आज खेळत होती पापा, आज जिंकली, तुला आजचं कधी काही नकोच असतं. खालच्या वर्गात होते तेव्हा तुला माझी परीक्षा दिसत होती, परीक्षा आली तर युनिव्हर्सिटी दिसतेय. मी आज कशी आहे हे कधी विचारलंस का? साडूभाऊंनी रेडिओ बंद केला. मी वड्याकडे बघत बसलो, साडूने अशा वेळी दुसरं काय करायचं असतं? ती खोलीत गेली, आणि पुढचा मोसम सुरू झाला तरी कुठल्याच रविवारी रेडिओपाशी आली नाही. बोलायची, नाही असं नाही, पण मीठ दे, किल्ली कुठेय, इतपत. साडूभाऊ खुर्ची सरकवून तिची जागा मोकळी ठेवायचे. येत्या ऑक्टोबरात ती हॅम्बुर्गला जाणार आणि तोवर ती परत शेजारी येऊन बसते की नाही, एवढा एकच घोर त्या माणसाला लागला होता. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी जूनमध्ये मराठी मंडळाची सहल आली आणि साडूभाऊंनी डोकं चालवलं. त्यांनी जाहीर केलं की यंदा बेसबॉल खेळायचं आणि टीम रीतसर ड्राफ्टने निवडायच्या. एका बाजूचे कप्तान मंडळाचे अध्यक्ष, दुसऱ्या बाजूची त्यांची मुलगी, कारण नियम दुसऱ्या कुणाला येत नव्हते. ताईंनी "शेवटचं वर्ष आहे, ये बाई" म्हणून तिला आणली. आदल्या वर्षी रस्सीखेचीत पोरांची बाजू हरली होती, तेव्हा पहिली पसंती पोरांच्या कप्तानाची, म्हणजे तिची.

आता मराठी मंडळात माणसांना सगळ्यांदेखत एकामागून एक निवडायचं, म्हणजे काय होणार हे पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. साडूभाऊंना कळलं नाही. सगळ्यांना झाडाखाली रांगेत उभं केलं आणि एकेकाचे गुण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "चिटणीस. पाय जड, पण पोटामुळे बॉल अडेल. उशिरा घ्यावेत." चिटणीस पुढे दिवाळीपर्यंत यांच्याशी बोलले नाहीत. एकांचे सासूसासरे साताऱ्याहून खास तीन महिन्यांसाठी आलेले, खुर्च्या टाकून बसले होते. सासरे प्रत्येक निवडीनंतर विचारत, "आमच्या जावईबापूंचा नंबर कधी?" जावईबापू बिचारे उन्हात उभे राहून बुटाकडे बघत होते. खजिनदारांच्या बायकोला खजिनदारांच्या आधी घेतलं तेव्हा पुरणपोळ्यांचा डबा बंद झाला तो उघडलाच नाही. पण हे सगळं नंतर. सुरुवातीला पहिल्या पसंतीला तिने रांगेवरून नजर फिरवली. म्युनिकहून आलेला एक उंच, दणकट डॉक्टरेटवाला पोरगा होता, साडूभाऊंनी डोळ्यांनी त्याच्याकडे खुणा करकरून मान मोडून घेतली. तिने बोट केलं ते बापाकडे.

"मी?" साडूभाऊ म्हणाले. "अगं, मी यादीत नाहीच. गुडघे गेलेत, चष्मा आहे, बेसबॉलची बॅट आयुष्यात धरलेली नाही. पहिली पसंती कुणी अशी वाया घालवतं का? तो पोरगा घे, त्याला वाव आहे."

"तुला घेतलं तर आम्ही हरू," ती जर्मनमध्ये शांतपणे म्हणाली. "मग पुढच्या वर्षी पुन्हा पहिली पसंती माझीच."

 नियम साडूभाऊंचाच होता. चष्मा पुसत पुसत ते तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आणि तिने त्यांच्या डोक्यावरची टोपी नीट केली.

हरले, अर्थात. मॅचचं काय सांगू. इतक्या वर्षांत शेकड्याने खेळाडूंना शिव्या घातलेला हा माणूस बॅट घेऊन उभा राहिला तो डावा पाय पुढे टाकून, कोपर वर. पहिलाच बॉल त्यांनी असा सुरेख थोपवला की तो पायाशी मेला. सगळे ओरडतायत, पळा, पळा, आणि साडूभाऊ हात वर करून पलीकडे पळायला उभ्या असलेल्या मला म्हणतायत, "नो, नो, रन नाहीये." साताऱ्याचं क्रिकेट अंगातून गेलंच नव्हतं. दुसऱ्यांदा पळाले तर टाकून द्यायची ती बॅट हातात घेऊन, आणि पळून गाठायच्या बेसवर पोचून ती टेकवली. पोरगी गवतात बसून पोट धरून हसत होती. त्यानंतरच्या रविवारी मी फोन केला तर ताई म्हणाल्या, "दोघं रेडिओपाशी आहेत, जेवण गार होतंय." त्यांचा आवाज तक्रारीचा होता, पण मला ताई कळतात थोड्याफार.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा सहल झाली. मंडळाने शहाणं होऊन ड्राफ्ट बंद केला होता, नुसत्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. ती हॅम्बुर्गला होती, परीक्षा होती, येऊ शकली नाही. चिठ्ठ्यांचा डबा फिरत फिरत साडूभाऊंपाशी आला तेव्हा त्यांनी हात घातला नाही. चिटणीस, जे आता पुन्हा बोलत होते, म्हणाले, "घ्या हो, तुम्हीही खेळा."

"नाही," साडूभाऊ म्हणाले, "मला आधीच घेतलंय." आणि ते सावलीत जाऊन बसले.