दत्तारामचा डावा कान

सकाळी सव्वासातला लालबागच्या गिरणीत दत्ताराम साळवी आपल्या दोन मागांवर उभा होता. डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मागखात्यात ते कळणारही नव्हतं. त्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचत. भीती होती ती ढोलकीची. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत चाळीच्या कलापथकाची ढोलकी तोच वाजवी, आणि कालच्या तालमीत त्याला ती सुरात लावता आली नव्हती.

कानाचा विचार आला की तो तंबाखू मळायला घेई. आज मात्र, माग थांबल्यावर धागा कुठे तुटला ते पाहावं, तसं त्याने पाहिलं. उजवा कान ठीक होता. शनिवारपर्यंत डावाही ठीक होता. शनिवारी पाळी सुटताच तो धावत थेट सभेला गेला होता. माग चालवताना कानात घालायचे कापसाचे बोळे? उजवा काढल्याचं आठवलं. डावा काही आठवेना. आणि सोमवारपासून तो त्या राहिलेल्या बोळ्यावरच रोज नवा बोळा कोंबत होता!

घरी बायकोने, कौसल्येने, अंबाड्यातला आकडा काढून तो जुना बोळा ओढून काढला.

“अहो, गिरणीत कापूस कमी भरला म्हणून तुमचा जॉबर मुकादम शोधत असेल हा!” ती मोठ्याने म्हणाली.

“ओरडू नकोस,” दत्ताराम म्हणाला. “ऐकू येतंय.”

संध्याकाळी ढोलकी झटक्यात सुरात लागली. उद्या पाळी सकाळी सातला, सभा संध्याकाळी सहाला.