रीताच्या नावावर

मानोऱ्याच्या बसस्टँडसमोर रीता आडेचं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, सिम, पैसे पाठवणं, शिवाय चार तांड्यांवर वायफायची लाइन. वायर ओढायला नवरा, नवीन त्याचं नाव; बाकी सगळा कारभार तिचा. बाई बोलायला फटकळ. कंपनीचा माणूस टार्गेट विचारायला आला की त्याला उभ्या उभ्या ऐकवायची, "तांड्यावर टावर देत नाई अन् सिमं इका म्हनता. झाडाले लावू काय सिमं?"

अशा बाईचे त्या दिवशी एका फोननं हातपाय गार पडले. ठाण्यातून जमादार बोलत होते. "तुमच्या नावावरच्या एका नंबरबद्दल इचारायचं हाय. आधार कार्ड घेऊन या." कोणता नंबर, काय झालं, काही नाही. फोन ठेवूनही दिला.

आता तुम्ही म्हणाल, एका नंबरसाठी एवढं काय भ्यायचं? तर ऐका. रीताच्या नावावर नऊ सिमं होती आणि त्यातलं तिचं स्वतःचं फक्त एक.

झालं होतं असं. सिम घ्यायचं तर मशीनवर अंगठा लावावा लागतो. तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जाणारी. कोयता धरून धरून अंगठ्याच्या रेषा पार घासून गेलेल्या. हात धुऊन पाहिला, तेल लावून पाहिलं, मशीन काही केल्या अंगठा ओळखत नाही. सोमलाचं असंच झालं. टोळीची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार, घरी म्हातारी आई हिरीबाई एकटी राहणार, आणि हा गडी तोंड एवढंसं करून दुकानात उभा. शेवटी रीतानं वैतागून स्वतःचाच अंगठा मशीनवर टेकवला. एक सिम त्याला, एक त्याच्या आईला. "घे अन् जाय. कोनाले सांगू नोको."

अशी गोष्ट तांड्यावर लपते होय? पुढच्याच आठवड्यात रामीबाई आली, मग बबलू आला, मग आणखी कोण कोण. रीता तोंडानं शिव्या द्यायची आणि अंगठा लावायची. एका माणसाच्या नावावर नऊच सिमं मिळतात, म्हणून तिथं थांबली. नाहीतर थांबली नसती.

आपल्या नावाचं सिम दुसऱ्याला देणं गुन्हा आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यात नुकतंच शेजारच्या तालुक्यातल्या एका सिमवाल्याला पोलिसांनी उचललं होतं. त्यानं दिलेल्या नंबरवरून कोणीतरी एका रिटायर मास्तरांचं बँकखातं साफ केलं होतं. सिमवाला अजून आतच होता.

खांबावरून उतरून नवीन आला. ऐकून त्याचाही चेहरा उतरला.

"नंबर माहा नाई म्हन," तो म्हणाला. "माह्या आधारवर कोनं काढला, मले मालूम नाई म्हन."

"अन् ज्याच्यापाशी हाय त्याचं काय?"

"त्याचं तो पाह्यन. तुले आत टाकलं त पोरींले कोन पाह्यन?"

एरवी तिनं त्याला चांगला फैलावर घेतला असता. त्या दिवशी तिनं आधार कार्ड शोधून पिशवीत टाकलं.

ठाण्यापर्यंत ती चालत गेली. कोणी केलं असेल? बबलूकडे एवढ्यात नवी मोटरसायकल आली, पैसा कुठून आला? रामीबाईचा जावई पुण्यात नक्की काय करतो? ज्यांच्यासाठी अंगठा लावला, त्याच माणसांना ती एकेक करून चोर ठरवत चालली होती.

जमादारांनी तिला बसायला सांगितलं आणि नंबर वाचून दाखवला. रीतानं तो लगेच ओळखला. सोमलाचा. काय करून बसला हा?

"तुमचाच ना?"

"नाई," रीता म्हणाली. "माहा नाई. कोनं काढला, मले मालूम नाई."

"पक्कं?"

"पक्कं."

जमादारांनी पेन खाली ठेवला. "मंग मिटलं. सोलापूरकडं रस्त्याच्या कडेले एक गडी मरून पडलेला सापडला. कोन्या ट्रकवरून पडला का ट्रकनं उडवला, कोनाले पत्ता नाई. मोबाइलचा चुरा झाला, सिम तेवढं निघालं. ते तुमच्या नावावर. तिकडचे म्हने, वारस शोधा. आता तुमी बी नाई म्हनता, त आज बेवारस म्हनून जाळतीन."

रीता खुर्चीवरून उठली होती, ती तशीच उभी राहिली. सोमला मध्येच सुट्टी काढून घरी निघाला असणार. टोळीला वाटलं, घरी पोचला. घरी वाटलं, तो कारखान्यावर आहे. म्हणून त्याला शोधायला कोणीच निघालं नाही. आणि ज्या एका बाईला त्याचं नाव माहीत होतं, ती आत्ताच नाही म्हणून बसली होती.

दार समोर होतं. निघून गेली असती तर कोणाला काही कळलं नसतं. दुकान राहिलं असतं, पोरी राहिल्या असत्या. ती वळली.

"साहेब, नंबर माहाच हाय. म्याच देल्ला त्याले. सोमला नाव त्याचं. आमच्या तांड्यावरचा हाय."

"मंग आधी नाई काहून म्हनलं?"

"भेव लागला."

जमादारांनी पेन परत उचलून नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं काय करायचं ते मागून पाहू. पयले त्याच्या घरी कळवा. कोन हाय घरी?"

"आई."

"फोन हाय तिच्यापाशी?"

रीतानं मान डोलावली. हिरीबाईला नंबर लावता येत नव्हता, आलेला फोन उचलता तेवढा येत होता. आणि त्या नंबरवर फोन करणारं जगात एकच माणूस होतं.

रीतानं नंबर लावला. पहिल्या रिंगलाच तिकडून आवाज आला.

"सोमला? अरे, कुठी होता इतके दिस? जेवला का बाप्पा?"