दुसऱ्याआधी दहावं प्रकरण

अंधांसाठीच्या श्राव्य ग्रंथालयात संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे 'एकओळी' म्हणत. शेलच्या, म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम द्यायच्या, काळ्या खिडकीत अख्खा कोड एकाच ओळीत लिहायचा, एंटर मारायचा, की काम फत्ते. कोडची फाईल म्हणून ठेवायची नाही. पहिल्या नोकरीतला साहेब रोज संध्याकाळी इतरांच्या फायली पुसून टाकायचा, तेव्हापासून याने फायलींशी उभा दावा मांडलेला.

त्या सकाळी एका निवृत्त गणितशिक्षिकेचा फोन आला. दिसत नसलं तरी बाईंच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. "पहिल्या प्रकरणानंतर थेट दहावं लागतं हो. खुनी कोण ते चहा निवायच्या आत कळलं. आता उरलेल्या पुस्तकाचं काय लोणचं घालू?"

संगणक आकडे अक्षरांसारखे लावत होता, म्हणून एकामागे दहा यायचा, बिचारा दोन मागे राहत होता. फायलींच्या नावांत आकड्याआधी शून्यं घातली, '२'चं '०२' केलं, की भागणार होतं. पण नावं होती चाळीस हजार, आणि चार वाजता पुस्तकं ऐकवणारी नवी यंत्रं चारशे वाचकांच्या घरी निघायची होती. तशीच गेली तर सगळ्यांचाच विरस. एकओळीने कोड लिहिला, त्याच ओळीला सगळी नावं जोडली आणि एंटर मारला. खिडकीने उत्तर दिलं, यादी फार लांब आहे.

मग त्याने कोडमधल्या मोकळ्या जागा काढल्या, मोठे शब्द एकाक्षरी केले. हत्ती दारातून जाईना म्हणून त्याची नखं कापावीत, तसला प्रकार. दीड तास गेला. त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली.

शेजारच्या खोलीत पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारी त्याची धाकटी बहीण पाणी प्यायला आली. "दादा, मी चारशे पानं वाचते, पण एका दमात नाही. पान उलटते, थांबते. तू त्या खिडकीला का कोंबून भरवतोस?"

"म्हणजे फाईल करायची?"

"कर की. इथे पुसणारं कोण आहे?"

वीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याने कोड फाईलमध्ये ठेवला, नावांची यादी वेगळी केली आणि कोडला एकेक नाव वाचायला दिलं. खिडकी मुकाट्याने कामाला लागली. साडेतीनला सगळं आवरलं. ती फाईल मात्र त्याने तीन ठिकाणी जपून ठेवली. जित्याची खोड, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बाईंचा फोन. उचलण्याआधी त्याने ती फाईल जागेवर आहे ना, ते पाहिलं.

"नवीन पुस्तक ऐकतेय," बाई म्हणाल्या. "नववं प्रकरण संपलं, तरी खुनी कोण ते कळत नाही. फार छान वाटतंय."